पोटाखालचं चाक

नंबरप्लेटच्या वर, बंपरमध्ये, बोटभर भोक आहे.
अकरा वर्षं मला वाटायचं, पाणी निथळायला असेल.

एल्ड्रेड दर रविवारी, चर्चहून आला की, पिकअप धुवायचा.
दारांना मेण, काचांना व्हिनेगर,
दिव्यांच्या खाचा दात घासायच्या जुन्या ब्रशनं.
खाली कधी वाकला नाही.
खाली काय, म्हणायचा, खाली रस्ता.

मग त्या जुलैत, कार्टराइटच्या फाट्याच्या अलीकडे,
लॅब्राडोरच्या खडीनं मागचा उजवा टायर चिरला,
बटाट्याच्या सालीसारखा, लांबच लांब.
मागे घर नाही, पुढे घर नाही, फोन मुका,
आणि काळ्या माश्या कानामागे
जुनं येणं वसूल करायला आल्यासारख्या.

सळया सीटच्या मागे होत्या. तीन. कंपनीच्या पिशवीत, गाठही न सुटलेली.
एकीत एक अडकवली की लांब हात होतो.
तो भोकातून आत घालायचा, चाचपत, आंधळ्यासारखा,
आत कुठेतरी खाच लागते, तिथे बसवायचा
आणि डावीकडे फिरवायचा.
पुस्तकात एवढंच होतं: डावीकडे फिरवा.

फिरेना.

एल्ड्रेडनं शिव्या दिल्या, मग देवाला विचारलं, मग पुन्हा शिव्या.
समुद्राच्या हवेतलं मीठ, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ,
दोघांनी मिळून दोर आणि चरखी यांचा
एकच लालसर गोळा केला होता.
स्टेपनी डोळ्यांसमोर. हातभर अंतरावर.
आणि आमची नाही.

चार तासांनी ओंडक्यांचा ट्रक आला.
अल्फोन्सस नावाचा माणूस, पिनवेअरचा,
न बोलता पाठीवर सरकत खाली गेला, करवतीनं दोर कापला.
चाक धप्पकन त्याच्या छातीवर.
तिथूनच म्हणाला, "हं. हवा नाही ह्यात."

आता एल्ड्रेड नाही. (टायरचा संबंध नाही.
घरात, खुर्चीत, मोजे घालता घालता.)
पिकअप आता रोवीनाला देतेय, समोरच्या घरातली,
गूज बेला शिकायला निघालीय, सतराची आहे,
नखांना निळा रंग.
म्हटलं, किल्ली नंतर. आधी खाली जा.

फळी घे, चिखल आहे. फिरव. बघ, कसा उतरतो,
ग्रीस खाल्लेला दोर कुरकुरत नाही.
आता तळाची लोखंडी पट्टी तिरकी कर
आणि रिमच्या मधल्या भोकातून वर काढ.
तिरकी, पोरी. सरळ ती जन्मात निघणार नाही.

चाकाच्या खोलगट ताटात काय काय साठलेलं:
वर्षभराची वाळू, स्प्रूसच्या काड्या,
उंदराचं घर, त्यात माझ्याच गाडीच्या सीटचा कापूस.
ते झाड. हवा बघ. मातीच्या टायरांपेक्षा थोडी जास्तच ठेव,
वर्षभर विचारणारं कोणी नसतं.

टायरच्या अंगावर रबराचे केस अजून तसेच,
एक मैलही न चाललेल्या चाकाचे.
पण बगलेत बारीक भेगा. बोट फिरव, लागतात.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
नुसतं टांगून ठेवलं तरी म्हातारं होतं.

चार आकडे कोरलेत, वाच. चौतीस, एकोणीस.
एकोणीस सालचा चौतिसावा आठवडा.
कुठल्याशा कारखान्यात हे साच्यातून निघालं तेव्हा
इथे एल्ड्रेड कोबी उपटत होता
आणि गड्डे लहान म्हणून माझ्यावर चिडला होता.
नवं घे गूज बेला. पैसे पाकिटात ठेवलेत.

आता उजवीकडे. फिरव, फिरव, वर जाऊ दे,
टक् वाजेपर्यंत. एकदा नाही, दोनदा.
मग तळहातानं ढकलून बघ, हलायला नको.

ढकललं तिनं. हललं नाही.
तरी बाहेर येईना.
म्हटलं, काय झालं?
खालून म्हणाली, इथून तुमचे फक्त बूट दिसतात.
डाव्याचा तळ सुटलाय.